फोटोशॉप बंद पडलं, लाइट गेली, तरी अल्बमचं काम कसं वाचवायचं?

प्रश्न असा आहे: नाशिकला सिडकोत लग्नाच्या अल्बमचं डिझाइनिंग चालतं. १६ जीबी रॅमचा विंडोज पीसी आहे, शीट १२ बाय ३६ इंचाच्या. फोटोशॉप आठवड्यातून दोन-तीनदा न सांगता बंद पडतं. त्यातच अवकाळी पावसात लाइट गेली आणि सीमांतपूजनाच्या तीन शीट गेल्या. ऑटोसेव्ह चालू होतं, तरी काहीच परत आलं नाही. असं का झालं आणि पुढे काय करावं?

आधी गेलेल्या शीटचं पाहू, कारण इथे घाई केली की उरलंसुरलंही जातं. लाइट गेल्यानंतर फोटोशॉप अजून उघडलं नसेल तर उघडू नका. विंडोजच्या रन खिडकीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत टाकून एंटर करा. रोमिंग फोल्डर उघडेल. त्यात ॲडोबी, मग तुमच्या आवृत्तीचं फोटोशॉप, मग ऑटोरिकव्हर. तिथे .पीएसबी (मोठ्या कामासाठीचा फोटोशॉपचा फाइलप्रकार) फाइली दिसल्या तर त्या आधी दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि मगच फोटोशॉप सुरू करा. तिथे काही नसेल तर स्क्रॅच डिस्क (रॅम कमी पडली की फोटोशॉप तात्पुरतं जिथे लिहितं ती डिस्क) म्हणून निवडलेल्या ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर पीएसऑटोरिकव्हर नावाचं फोल्डर आहे का तेही पाहा. कॉपी आधी करायची ती अशासाठी की फोटोशॉप सुरू झालं की या फाइली स्वतः उघडतं, आणि तुम्ही गडबडीत सेव्ह न करता टॅब बंद केला की ती प्रतही पुसून टाकतं. उघडलेली फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाइलवर चढवू नका. लेयर पूर्ण आहेत का, मास्क जागेवर आहेत का हे बघून मग जुनी काढा. स्क्रॅच डिस्कवर पडलेल्या फोटोशॉप टेम्प नावाच्या मोठमोठ्या फाइलींकडून मात्र आशा ठेवू नका. त्यातून चित्र निघत नाही. फोटोशॉप बंद असताना त्या पुसायच्या आणि जागा मोकळी करायची, एवढंच.

आता ऑटोसेव्ह चालू असून काही का मिळालं नाही? आपण ज्याला ऑटोसेव्ह म्हणतो ते तुमची फाइल सेव्ह करतच नाही. ठरावीक मिनिटांनी ते बाजूला एक तात्पुरती प्रत लिहितं, बस. ती वेळ प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगखाली असते: ५, १०, १५, ३० मिनिटं किंवा १ तास. मुळात १० वर असते, पण काम अडखळतं म्हणून कोणीतरी ती ३० किंवा तासावर नेऊन ठेवलेली बऱ्याच पीसींवर सापडते. शिवाय प्रेफरन्सेस रीसेट केले की ती परत १० वर जाते, हेही लक्षात राहत नाही. दुसरं कारण, ही प्रत मागच्या मागे लिहिली जाते, म्हणून त्याच पानावरचं ‘सेव्ह इन बॅकग्राउंड’ चालू असावं लागतं आणि सी ड्राइव्हवर जागा लागते. सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर प्रत अर्धवट राहते. तिसरं कारण अल्बमवाल्यांना सगळ्यात जास्त बाधतं: लिक्विफाय (आकार ढकलून बदलायचा फिल्टर), कॅमेरा रॉ फिल्टर किंवा फ्री ट्रान्सफॉर्मची खिडकी उघडी असेपर्यंत ही प्रत निघत नाही. नवरीच्या चेहऱ्यावर लिक्विफायमध्ये वीस मिनिटं घालवली असतील तर ती वीस मिनिटं फक्त रॅममध्ये आहेत, ओके दाबेपर्यंत ती कुठेच लिहिलेली नाहीत.

म्हणून वेळ ५ मिनिटांवर आणा, पण विसंबायचं ते स्वतःच्या सेव्हवर. आणि सेव्हला माणूस का टाळाटाळ करतो ते शीटच्या आकारात दडलंय. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख. ८ बिटमध्ये एकच सपाट लेयर सुमारे ११७ एमबी होतो, १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. वर आठ-दहा फोटो, बॅकग्राउंड, फुलांचे पीएनजी, सावल्या आल्या की रॅममध्ये दीड-दोन जीबी सहज होतात आणि डिस्कवरची पीएसडीही (फोटोशॉपची लेयरसकटची नेहमीची फाइल) जीबीच्या घरात जाते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ती लिहायला पाव-अर्धा मिनिट लागतं, त्यात पीएसडी दाबून लहान करण्याचा वेळ वेगळा. प्रत्येक सेव्हला हात आखडला की माणूस तासातासाने सेव्ह करायला लागतो. हे सोडवायचं असेल तर काम एसएसडीवर आणा आणि फाइल हँडलिंगमध्येच पीएसडी-पीएसबीचं कॉम्प्रेशन बंद करायची टिक आहे ती लावा. फाइल फुगते, पण सेव्ह झटकन होतो. ‘मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी’ मात्र चालूच ठेवा. तिच्यामुळे फाइलमध्ये सपाट चित्राची एक प्रत राहते. एखादवेळी लेयरचा भाग करप्ट झाला तरी सपाट चित्र दुसऱ्या एखाद्या व्ह्यूअरमध्ये उघडून निदान प्रिंटपुरतं वाचवता येतं.

पीएसडी २ जीबीच्या पुढे जात नाही. ती मर्यादा आली की फोटोशॉप सेव्ह नाकारतं, आणि नेमकं डिलिव्हरीच्या आदल्या रात्री नाकारतं. फाइल दीड जीबीला पोचली की पीएसबी करून टाका.

नावांची पद्धत एकदाच ठरवा. एकाच फाइलवर कंट्रोल एस मारत राहणं म्हणजे एकाच खुंटीला सगळं टांगणं. सेव्ह चालू असतानाच लाइट गेली किंवा लिहिताना फाइल करप्ट झाली तर जुनंही जातं आणि नवंही. साधारण अर्ध्या तासाने, किंवा फोटो बसवणं, कटिंग, कलर असा एकेक टप्पा संपला की कंट्रोल शिफ्ट एस करून शीट०७_०१, शीट०७_०२ असं पुढचं नाव द्या. अल्बम लॅबला गेला की प्रत्येक शीटची शेवटची आणि तिच्या आधीची अशा दोनच ठेवा, बाकीच्या काढा. यासाठी ॲक्शन (पायऱ्या नोंदवून एका बटणावर पुन्हा चालवायची सोय) रेकॉर्ड करून एफ-की लावायचा मोह होतो, पण तो टाळा. ॲक्शनमध्ये सेव्ह ॲज रेकॉर्ड केलं की त्यात फाइलचं नावही रेकॉर्ड होतं आणि शीट ८ गुपचूप शीट ७ च्या डोक्यावर जाऊन बसते. साधा कंट्रोल एस हाताच्या सवयीत असू द्या, आकडा बदलणं डोक्याने करा.

स्मार्ट ऑब्जेक्टची, म्हणजे मूळ चित्र आत गुंडाळून ठेवणाऱ्या लेयरची, एक गंमत आहे, जी गंमत राहत नाही. स्मार्ट ऑब्जेक्टवर डबल क्लिक केलं की आतला भाग वेगळ्या टॅबमध्ये पीएसबी म्हणून उघडतो. तिथे तासभर रिटच केलं, दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस मारलं, टॅबवरची चांदणी गेली, समाधान झालं. पण ते सेव्ह फक्त उघड्या असलेल्या मूळ शीटमध्ये पोचतं, आणि मूळ शीट अजून रॅममध्येच आहे. मूळ टॅबवर जाऊन पुन्हा कंट्रोल एस केल्याशिवाय डिस्कवर काही गेलेलं नसतं. तुमच्या तीनपैकी एखादी शीट याच वाटेने गेली असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा आतलं सेव्ह, लगेच बाहेरचं सेव्ह, ही जोडी ठेवा.

लिक्विफायसाठीही उपाय आहे. लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करा, मग लिक्विफाय लावा, पाच मिनिटं काम, ओके, सेव्ह, पुन्हा फिल्टरच्या नावावर डबल क्लिक करून पुढचं काम. आधीचं केलेलं आत जसंच्या तसं मिळतं. लिक्विफायच्या खिडकीत मेश, म्हणजे कुठे किती ढकललं त्याची नोंद, सेव्ह करायची सोयही आहे, मोठं काम असेल तर ती वापरा. कॅमेरा रॉ फिल्टरमध्ये लावलेला कलर प्रीसेट म्हणून सेव्ह केला की निदान आकडे तरी हातात राहतात.

फोटोशॉप हँग झालं, वर ‘नॉट रिस्पाँडिंग’ आलं, की लगेच टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करू नका. आधी आल्ट टॅब करून बघा, एखादी छोटी खिडकी मागे लपून उत्तराची वाट बघत असते. एस्केप दाबून बघा. मग टास्क मॅनेजर उघडा पण फक्त बघायला. फोटोशॉपच्या ओळीत सीपीयू किंवा डिस्कचा आकडा हलत असेल तर ते काम करतंय, दहा-पंधरा मिनिटं द्या. स्क्रॅच डिस्क भरली असेल तर त्या ड्राइव्हवरून दहा-वीस जीबीचे जुने व्हिडिओ दुसरीकडे हलवा, कित्येकदा फोटोशॉप तिथूनच पुढे चालू लागतं. आकडे पूर्ण शून्यावर असतील, तर मारण्यापूर्वी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा, लेयर पॅनेल आणि हिस्टरी पॅनेल दिसेल असा. कुठला ब्लेंड मोड, किती ओपॅसिटी, कुठला क्रम हे त्यात दिसतं आणि तीच शीट दुसऱ्यांदा करायला निम्माही वेळ लागत नाही.

फोटोशॉप चालू आहे पण सेव्हच होत नाही, ‘प्रोग्राम एरर’ म्हणतं, हा वेगळा प्रकार. टॅब बंद करू नका. क्रमाने असं करा: दुसऱ्या ड्राइव्हवर दुसऱ्या नावाने सेव्ह, नाही झालं तर पीएसबी म्हणून, तेही नाही तर टिफ म्हणून, लेयरसकट. तरीही अडलं तर त्याच आकाराची नवी फाइल उघडून सगळे लेयर निवडा आणि डुप्लिकेट लेयर्सने नव्या फाइलमध्ये पाठवा. एखादाच लेयर बिघडलेला असतो. पाच-पाच पाठवले की कुठला अडतो ते कळतं. पुढच्या वेळेसाठी प्रेफरन्सेसच्या प्लग-इन्समध्ये ‘जनरेटर’ (लेयरमधून आपोआप चित्रं काढणारी सोय) बंद करून पाहा, या तक्रारीवर ते लागू पडलेलं आहे.

आता मुळात बंद का पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन इथे त्या वेळेची लाल खुणेची नोंद उघडा. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ असं लिहून एका फाइलचं नाव येतं. ते एनव्ही या अक्षरांनी सुरू होत असेल तर संशय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर. गेम रेडी काढून स्टुडिओ ड्रायव्हर टाका, आणि तोवर प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समधून ग्राफिक्स प्रोसेसरची टिक काढून दोन दिवस काम करून बघा. स्किन स्मूदनिंगच्या एखाद्या प्लग-इनचं नाव आलं तर फोटोशॉप सुरू करताना शिफ्ट दाबून धरा. बाहेरचे प्लग-इन वगळू का असं ते विचारतं. क्रॅक करून टाकलेल्या प्लग-इनबद्दल वेगळं सांगायला नको.

टेक्स्ट टूल घेतलं की बंद पडतं, अशी तक्रार असेल तर फाँट बघा. आपल्याकडे पत्रिका आणि अल्बमच्या नावांसाठी जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट शेकड्यांनी टाकलेले असतात, एकाकडून दुसऱ्याकडे पेन ड्राइव्हवर फिरलेले, त्यातले काही खराब झालेले. सगळे काढून रोजच्या वापरातले वीस-पंचवीस ठेवा.

रॅम आणि स्क्रॅचचं गणित मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. हिस्टरी, म्हणजे मागे जाता येईल अशा बदलांची यादी, मुळात ५० पायऱ्यांची असते. संपूर्ण लेयरवर फिल्टर मारला की त्या पायरीला पूर्ण लेयरभर जागा लागते. ११७ एमबी गुणिले ५० म्हणजे पावणेसहा जीबीच्या वर, तेही एका शीटला, आणि तुम्ही चार शीट एकदम उघडून बसलेले. फोटोशॉप मुळात मोकळ्या रॅमच्या ७० टक्के घेतं; उरलेलं स्क्रॅच डिस्कवर जातं. खाली स्टेटस पट्टीत बाण दाबून ‘एफिशियन्सी’ लावून ठेवा. आकडा १०० च्या खाली घसरला की ओळखा, रॅम संपली. हिस्टरी २० वर आणा, एका वेळी दोनच शीट उघडा, स्क्रॅचसाठी एसएसडीवर निदान १०० जीबी मोकळे राहू द्या. स्क्रॅच भरल्यामुळे फोटोशॉप उघडतच नसेल तर सुरू करताना कंट्रोल आल्ट दाबून धरा, दुसरी डिस्क निवडता येते.

फक्त फोटोशॉप बंद पडणं आणि अख्खा पीसी बंद पडणं हे दोन वेगळे आजार आहेत. पीसीच बंद होत असेल तर एप्रिल-मेमध्ये आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा, पंखे फिरतात का बघा. आणि फोटोशॉपसोबत ब्राउझरही मरतो, झिप फाइली करप्ट निघतात, असं असेल तर विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक एकदा रात्री लावा. रॅमची एक पट्टी खराब असेल तर बिघडलेलं चित्रच इमानेइतबारे सेव्ह होत राहतं, आणि ते बॅकअपमध्येही जातं.

लाइटचं म्हणाल तर वळवाचा पाऊस आला की डीपी उडणार, हे धरूनच चाला. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हा समज सोडा. पीसीचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) पुरवठा तुटल्यावर पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर पंखे-दिव्यांच्या मोडवर असेल तर बदलायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरमागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबा, तरी पीसीला स्वतंत्र यूपीएस लावाच. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची छोटी बॅटरी असते. पीसी आणि मॉनिटर मिळून दोन-अडीचशे वॉट ओढत असतील तर हातात काही मिनिटंच मिळतात. ती मिनिटं सेव्ह करून बंद करण्यासाठी आहेत, एक फोटो संपवण्यासाठी नाहीत. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि उतरलेली बॅटरी हिरवा दिवा दाखवतच राहते. महिन्यातून एकदा सगळ्या फाइली बंद करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. यूपीएस दोन मिनिटांच्या आत बसला तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. उलट, वेगळ्या ॲडॉप्टरवर चालणारी बाहेरची हार्ड डिस्क मात्र यूपीएसवरच हवी. पीसी चालू, डिस्क बंद, आणि फाइल अर्धी लिहिलेली, हा अपघात अशा जोडणीत नेहमीचा.

पेन ड्राइव्हवरून किंवा बाहेरच्या डिस्कवरून थेट काम करू नका. त्या बऱ्याचदा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या असतात. एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली तर कुठपर्यंत लिहिलं याची नोंद नाही. फक्त विंडोजवरच काम होत असेल तर कामाची डिस्क एनटीएफएस ठेवा. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला आहे का हेही तपासा. जोडलेला असेल तर डेस्कटॉपवरची दीड जीबीची शीट प्रत्येक सेव्हला वर चढायला लागते आणि मध्येच फाइल अडकते. कामाचं फोल्डर डी ड्राइव्हवर, सिंकच्या बाहेर. संध्याकाळी संपलेल्या फाइली हव्या तर वनड्राइव्हवर टाका. आणि विंडोज अपडेटचे ॲक्टिव्ह अवर्स (या वेळेत पीसी अपडेटसाठी स्वतः रीस्टार्ट होत नाही) लावा. शीट उघड्या ठेवून घरी गेलात आणि रात्री पीसी स्वतः रीस्टार्ट झाला, तर दोष लाइटचा नाही.

निवड आणि कलर लाइटरूम क्लासिकमध्ये करत असाल तर तिथे सेव्हची भानगड नाही. प्रत्येक बदल लगेच कॅटलॉगमध्ये लिहिला जातो. धोका एकच, कॅटलॉग ही एकच फाइल आहे. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये बॅकअप दर वेळी बंद करताना असं ठेवा (मुळात आठवड्याला एकदा असतं), बंद करताना येणाऱ्या बॅकअपच्या खिडकीत इंटेग्रिटी तपासायची टिक ठेवा, आणि तिथेच बॅकअपची जागा दुसऱ्या डिस्कवर न्या, कारण मुळात तो कॅटलॉगच्या शेजारीच पडतो. त्यात फोटो नसतात, फक्त कॅटलॉग असतो. क्रॅशनंतर .लॉक फाइल मागे राहिली आणि कॅटलॉग उघडत नसेल, तर लाइटरूम खरंच बंद आहे याची खात्री करून तेवढी काढा. शेजारच्या जर्नल किंवा वॉल (डब्ल्यूएएल) नावाच्या फाइलीला हात लावू नका, शेवटचं काम त्यातच असू शकतं. कॅटलॉग हाताने कॉपी करत असाल तर त्याच नावाची, शेवटी डेटा असं लिहिलेली फाइलही सोबत घ्या. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून मास्कचा डेटा त्यात जातो. एक्सएमपी (फोटोसोबत राहणारी एडिटिंगची नोंद) आपोआप लिहिणंही चालू ठेवा. त्यात कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी येत नाहीत, पण रंगाचे आकडे येतात.

राहिला दुसऱ्या डिस्कवरचा बॅकअप. रोज काम संपल्यावर फ्रीफाइलसिंकसारख्या सॉफ्टवेअरने कॉपी करा, पण साधा मिरर नको. मिरर म्हणजे इकडे करप्ट झालेली फाइल तिकडच्या चांगल्या फाइलवर चढवणं आणि इकडे चुकून पुसलेली तिकडेही पुसणं. व्हर्जनिंग लावा, म्हणजे बदललेली जुनी फाइल तारखेसकट वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. आठवड्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक शीट तिथूनच उघडून बघा. कॅमेऱ्याची कार्डं तर अल्बम मंजूर होईपर्यंत फॉरमॅट करूच नका. नाइलाज असेल तर निदान दोन डिस्कवर कॉपी झाल्यावर आणि दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळल्यावर.

तिसरी प्रत दुकानात ठेवू नका. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की भांडी बाजार, सराफ बाजारातला माल वर हलायला लागतो. सिडकोत पुराची भीती तितकी नाही, पण शॉर्टसर्किट आणि चोरी आहेच. दोन पोर्टेबल डिस्क घ्या, एक दुकानात, एक घरी, आणि दर सोमवारी अदलाबदल करा. डिस्कवर पट्टी चिकटवून शेवटच्या कॉपीची तारीख पेनाने लिहीत जा, म्हणजे कुठली ताजी ते लावून बघावं लागत नाही.